‘बहुस्वरता’ : एका रूपकाचे संगीतातील मूळ

‘बहुस्वरता’ ही संज्ञा मराठी समीक्षेत आता इतकी रुळली आहे की ती मुळात संगीतातली आहे याचे भान ती वापरणाऱ्यालाही क्वचितच असते. मिखाईल बाख्तिन यांनी १९२९ साली दस्तएव्हस्कीवरील आपल्या ग्रंथात ती कादंबरीला लावली आणि १९६३ च्या सुधारित आवृत्तीनंतर ती सर्वत्र पसरली. हे केवळ एक रूपक आहे, असा इशारा बाख्तिन यांनी स्वतःच दिला होता. परंतु रूपकातले उपमानच ज्याच्या कानाला अपरिचित आहे, त्याच्या हाती रूपक येत नाही; येते ते एक विशेषण. कादंबरीत तीन बोली आल्या, निवेदक दोनदा बदलला, की ती ‘बहुस्वर’ ठरते. विशेषण गौरवाचे असल्याने हरकत कोणी घेत नाही.

अडचण अनुवादापासूनच सुरू होते. मराठी कानाला ‘स्वर’ म्हणजे षड्ज, गंधार, पंचम. तेव्हा ‘बहुस्वर’ म्हटल्यावर मनात येते ते एकाच क्षणी अनेक स्वर वाजणे, हार्मोनियमच्या तीन पट्ट्या एकदम दाबल्यावर ऐकू येते तसे काही. तो झाला स्वरसंघात. स्वरसंघातांवर उभ्या राहणाऱ्या संगीतात एक चाल राज्य करते आणि उरलेले स्वर तिला आधार देतात. बहुस्वरतेची मागणी नेमकी उलट आहे. तिथे प्रत्येक कंठाला आपली संपूर्ण चाल असते, आपले आरंभ आणि विराम असतात, आणि तरीही प्रत्येक क्षणी त्याला इतरांशी काही नियमाने जुळावे लागते. स्वातंत्र्य आणि नियम या दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. दुसरी अट आपण बहुधा विसरतो.

या अटी एका दिवसात घडल्या नाहीत. नवव्या शतकाच्या अखेरीच्या ग्रंथांत जे दिसते ते अगदी प्राथमिक आहे : चर्चमधील पारंपरिक गानाला दुसरा आवाज ठरावीक अंतर राखून समांतर साथ करतो. ही सावली आहे, दुसरी व्यक्ती नव्हे. बाराव्या शतकात पॅरिसच्या नोत्र दाम परिसरात लेओनाँ आणि त्याच्यामागून पेरोताँ यांनी मूळ गानाचा एकेक स्वर प्रचंड लांबवला आणि त्यावर एक, दोन, पुढे तीन आवाज नाचवले. मूळ प्रार्थनेचे एकेक अक्षर इतके ताणले गेले की शब्द म्हणून ते ऐकू येईनासे झाले. तेराव्या शतकातील मोटेट या प्रकाराने तर कमाल केली : खाली लॅटिन स्तोत्राचा तुकडा, वर फ्रेंच भाषेतली प्रेमगीते, दोन आवाजांना दोन वेगळ्या संहिता, आणि सारे एकाच वेळी. बाख्तिनच्या कल्पनेला या इतिहासातले सर्वांत जवळचे काही असेल तर ते माझ्या मते इथे आहे, बाखच्या फ्यूगमध्ये नव्हे. फ्यूगमध्ये अनेक आवाज असतात खरे, पण ते एकाच विषयाचे अनुसरण करतात.

शब्द हरवतो, ही तक्रार या संगीताच्या मागे सतत राहिली. १३२४-२५ च्या सुमारास पोप जॉन बाविसावे यांनी आज्ञापत्र काढून नव्या रचनांवर बंधने घातली. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेत तोच प्रश्न पुन्हा निघाला. पालेस्त्रीनाच्या एका मिस्साने बहुस्वर संगीत बंदीतून वाचवले ही दंतकथा आहे. पण १५६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या रचनेत शब्द स्पष्ट ऐकू येतात, हे मात्र खरे. १६०० च्या आसपास फ्लॉरेन्समधील मंडळींनी तर एकल गायन आणि साधी साथ यांचाच पुरस्कार केला. शब्द कोणाचा, हा या साऱ्या वादाचा गाभा होता.

हे संगीत आपल्यापासून फार लांब होते असेही नाही. गोव्यातील चर्चमध्ये आणि त्यांच्या गानशाळांत ते पोर्तुगीज अमदानीत शिकवले जात होते. तिथून आलेल्या दोन आवाजी गायनाच्या सवयीतून कोंकणी मांडो घडला. पण मांडोतला दुसरा आवाज बहुतांशी तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराचे अंतर राखून पहिल्याबरोबर चालतो. त्याचे माधुर्य निर्विवाद आहे. स्वतंत्र इच्छा त्याला नाही.

मराठी मुलखात अनेक कंठ एकत्र येण्याचा सर्वांत मोठा प्रसंग वारीचा. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी चिंचवड-पिंपरीच्या कारखान्यांवरून पुण्याकडे जाते. एका दिंडीपुरते पाहिले तर विणेकरी, मृदंग आणि टाळकरी एकच चाल म्हणतात. कोणी वरच्या सप्तकात जातो, कोणी एखादी हरकत घेतो, पण अभंग एकच असतो आणि त्याचा शब्द कधीच बुडत नाही. रस्त्याकडेला उभे राहिल्यास एका दिंडीचे धृपद मागच्या दिंडीच्या निराळ्या अभंगात मिसळते. ही बहुस्वरता म्हणावी काय? नाही. दोन्ही चाली स्वतंत्र आहेत, पण परस्परांचे त्यांना काही देणे नाही. तो शेजार आहे. औद्योगिक पट्ट्यातल्या एका खोलीत मराठवाडा, खानदेश आणि बिहार इथले कामगार राहतात तेव्हाही प्रथम असा शेजारच असतो. त्याची नोंद करणारी कादंबरी मोलाची असेल, पण केवळ तेवढ्यामुळे ती बहुस्वर होत नाही.

ही कसोटी लावली की काही परिचित संहिता वेगळ्या दिसू लागतात. ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकातील ब्राह्मणांची भिंत अनेक कंठांनी बोलते, कीर्तनातून लावणीत सहज जाते, आणि भास्कर चंदावरकर यांच्या संगीताने हे संक्रमण विलक्षण धारदार केले. पण भिंतीची इच्छा एकच आहे. तिच्यातले ब्राह्मण सुटे झाले तरी ती दुभंगत नाही. नाटकाची भीषणता यातूनच येते, आणि त्याला बहुस्वर म्हणून गौरवणारी समीक्षा ती भीषणताच बोथट करते.

सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) मध्ये मात्र दुसरेच काही घडते. मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणाचे कीर्तन लावून बसतो. कीर्तन हा एका वक्त्याचा प्रकार. त्यात सगळी पात्रे कीर्तनकाराच्या मुखातूनच बोलतात. इथे तो वक्ताच प्रेत आहे, आणि जुन्याच स्मशानात जळायचे हा त्याचा हट्ट आहे. चाळकऱ्यांना उरकून टाकायची घाई आहे, रमेची वासना भलत्याच दिशेने निघाली आहे, नाना या सर्वांत अडकला आहे. प्रत्येकाची चाल वेगळी. पण प्रेत दारात असेपर्यंत एकालाही दुसऱ्याला वगळून पुढे जाता येत नाही. नियम तो प्रेताचा आहे. शिवाय कीर्तनाची पवित्र शैली आणि मर्तिकातले क्षुल्लक तपशील एकाच वाक्यात आदळतात तेव्हा त्या वाक्यात दोन इच्छा बोलतात. छापील पानावर शब्द एकामागून एकच येणार. गाण्यातली एककालिकता साहित्यात मिळते ती अशी, वाक्याच्या पोटात. लॅटिन स्तोत्रावर फ्रेंच प्रेमगीत चढवणाऱ्या मोटेटकाराला हा प्रकार अनोळखी वाटला नसता.