नवा पक्षी, पण कोणाला नवा?

धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही पाझर तलावाच्या काठी मातकट रंगाचा एक बगळा मान आखडून बसलेला असतो. आपण अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. मग एकदम पांढरेशुभ्र पंख उघडून उडतो आणि आपणच दचकतो. लोक त्याला ढोकरी म्हणतात, पुस्तकात त्याचे नाव वंचक. गुरे राखणाऱ्याला, मासे धरणाऱ्याला, धुणे धुणाऱ्या बाईला तो पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. तरीही १८३२ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात प्रसिद्ध केली, तेव्हा हा बगळा विज्ञानाला नवी जात ठरला. माळावरचा एक तुरेवाला चंडोल आणि खडकाळ रानातला एक लावा यांनाही शास्त्रीय नाव मिळाले ते त्याच यादीतून. चंडोलाला आजही साइक्सचेच नाव आहे.

पक्ष्यांच्या शोधात केलेल्या प्रवासांची पुस्तके वाचताना ही ढोकरी डोळ्यांसमोर ठेवावी असे मला वाटते. या पुस्तकांत 'नवा पक्षी' हे शब्द वारंवार येतात. पण नवा म्हणजे कोणाला नवा? एखादी जात विज्ञानाला नवी असते. एखादी विज्ञानाला जुनी, पण त्या प्रदेशाच्या नोंदीत नवी असते. आणि एखादी फक्त मला नवी असते; ती मी आज पहिल्यांदा पाहिली, एवढेच. तिन्ही वेळा छातीत होणारी धडधड सारखीच. तिचे मोल मात्र सारखे नाही. पुष्कळ लेखक या तिन्हींची सरमिसळ करतात आणि वाचक, विशेषतः विद्यार्थी वाचक, धडधड म्हणजेच शोध असे समजून बसतो.

तिसऱ्या प्रकारच्या नवलाईचे टोक पाहायचे तर फिबी स्नेटसिंगर या अमेरिकन बाईंचे 'बर्डिंग ऑन बॉरोड टाइम' हे आत्मकथन पाहावे. १९८१ साली त्यांना त्वचेच्या कर्करोगाने गाठले आणि थोडेच दिवस उरल्याचे सांगण्यात आले. उपचारांत वेळ घालवण्याऐवजी त्या पक्षी पाहायला निघाल्या. वडिलांकडून मिळालेली संपत्ती हाताशी होती. पुढे अठरा वर्षे त्या जगभर फिरल्या. ८,००० हून अधिक जाती पाहणाऱ्या त्या पहिल्या व्यक्ती. १९९९ साली मादागास्करमध्ये वाहन उलटून त्यांचा मृत्यू झाला. पुस्तक २००३ साली, त्यांच्या पश्चात निघाले.

या बाईंना केवळ आकड्यांच्या मागे लागलेल्या म्हणणे अन्यायाचे होईल. प्रवासाआधी त्यांचा अभ्यास कसून असे आणि पाहिलेल्या पक्ष्याच्या टिपा त्या काटेकोरपणे ठेवत. मृत्यूची टांगती तलवार असताना माणूस इतके लक्ष देऊन जगाकडे पाहू शकतो, ही गोष्ट वाचकाला हलवून सोडते. पण पुस्तक म्हणून ते लवकर थकवते. एका देशातून दुसऱ्या देशात, एका नावावरून दुसऱ्या नावावर आपण वाहत जातो. ज्याने तो पक्षी पाहिलेला नाही त्याच्या हाती नावच उरते. पक्षी काय करत होता, का करत होता, हे विचारायला लेखिकेला उसंत नाही, कारण पुढचे विमान गाठायचे आहे. ज्या शिक्षकाचा प्रवास तुळजापूर ते परंडा एवढाच, त्याला हे पुस्तक नकळत सांगते की पक्षी दुसरीकडे असतात.

सालिम अलींचे आत्मचरित्र 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' (१९८५) याच्या नेमके उलटे आहे, आणि त्याकडे अधिक वेळ थांबायला हवे. पुस्तकाच्या नावातली चिमणी खरी आहे. १९०८ च्या सुमारास छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मग हा मुलगा ती चिमणी घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी तिचे नाव सांगितले आणि भुसा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली. नवा पक्षी दिसल्याचा आनंद इथेही आहेच, पण तो प्रश्नाच्या रूपाने येतो: ही वेगळी कशी? मला वाटते, हा फरक सबंध पुस्तकभर टिकतो.

१९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या त्याच राज्यात होता, म्हणून हे प्रकरण इथल्या वाचकाने मुद्दाम वाचावे. अलींना तेव्हा नोकरी नव्हती. संस्थानाने फिरण्याचा आणि तळाचा खर्च द्यावा, मी माझे श्रम फुकट देतो, असा त्यांचा प्रस्ताव होता. अहवाल १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात भागाभागांनी आला आणि त्याला ह्यू व्हिसलर या इंग्रज पक्षितज्ज्ञाच्या टिपा जोडलेल्या होत्या. ही दुसऱ्या प्रकारची नवलाई: कोणता पक्षी कोठे, कोणत्या हंगामात. ती वाचायला रुक्ष असते. पण पुढच्या माणसाला तुलना करायला तेवढीच उपयोगी पडते. साइक्सप्रमाणेच जेम्स डेव्हिडसन आणि वेंडेन या दोघांनीही १८७८ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांवर सविस्तर लेख लिहिला होता. संस्थानी मुलखाच्या वाट्याला असे काम त्या मानाने उशिरा आले.

पाहणीच्या थोडे आधी, १९३० साली, रिकामपणाच्या दिवसांत अली अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि घराजवळच्या सुगरणींच्या खोप्यांवर नजर ठेवून बसले. सुगरण हा काही नवा पक्षी नव्हे. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला तिचे खोपे लोंबताना आपल्याकडे शेंबड्या पोरानेही पाहिलेले असतात. अलींनी काय पाहिले? खोपा विणतो तो नर. अर्धवट झालेला खोपा माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडला तर ती तिथे राहते, नर उरलेले काम पुरे करतो आणि लगेच दुसरा खोपा सुरू करतो. त्या खोप्यात दुसरी मादी. मराठीने मात्र विणकराला स्त्रीलिंगी नाव दिले आहे आणि बहिणाबाईंच्या कवितेमुळे ते आपल्या मनात पक्के बसले आहे. कवितेला त्याने बाधा येत नाही. पण वर्गात कविता आणि निरीक्षण शेजारी शेजारी ठेवण्याची अशी संधी क्वचितच मिळते. माझ्या मते आत्मचरित्रातला सर्वांत मोठा शोध हाच, आणि तो एकही नवी जात न पाहता लागलेला आहे.

पुस्तकात एक नाजूक जागाही आहे. १९३७ साली कर्नल माइनर्ट्सहागेन या नामांकित ब्रिटिश पक्षितज्ज्ञाबरोबर अली अफगाणिस्तानला गेले. त्या गृहस्थाने आपल्या रोजनिशीत अलींबद्दल बरेच कडवट आणि वर्णद्वेषी लिहून ठेवले होते. अलींनी ते पुढे वाचले आणि स्वतःच्या आत्मचरित्रात छापून टाकले! हा मोकळेपणा मराठी आत्मचरित्रांत शोधावा लागेल. कर्नलविषयीचा त्यांचा आदर मात्र कायम राहिला, आणि आज वाचणाऱ्याला तो खटकतो. कारण अली १९८७ मध्ये गेले आणि त्यानंतरच्या वर्षांत उघड झाले की या कर्नलने संग्रहालयांतून पक्ष्यांचे नमुने चोरले, त्यांवर खोटी ठिकाणे आणि तारखा घातल्या आणि ते आपण मिळवल्याचे दाखवले.

त्याचा फटका महाराष्ट्रातल्याच एका पक्ष्याला बसला. रानपिंगळा हे छोटे घुबड ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णिले. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे जेमतेम सात नमुने. त्यांतला शेवटचा खरा नमुना १८८४ चा, खानदेशातला, वर उल्लेख केलेल्या डेव्हिडसन यांनी मिळवलेला. माइनर्ट्सहागेनने मात्र १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीला आपल्याला हा पक्षी मिळाल्याचे दाखवले होते. मागून येणारे शोधक त्या नोंदीवर विसंबून भलतीकडे पाहत राहिले. पामेला रासमुसेन यांनी नमुने तपासले तेव्हा कळले की तो डेव्हिडसन यांचाच पक्षी, चिठ्ठी बदललेला. खोटी नोंद बाजूला सारून त्या बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांच्या समोर बसलेला होता. ११३ वर्षांनी! पक्षिप्रवासात याहून मोठा रोमांच कोणता असेल? पण तो दुर्बिणीने जितका मिळवून दिला तितकाच डेव्हिडसनच्या प्रामाणिक चिठ्ठ्यांनी.

मराठीत या विषयाचे नाव घेतले की मारुती चितमपल्ली आठवतात. जन्म सोलापूरचा, म्हणजे आपल्या शेजारचा; २०२५ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. पण 'पक्षी जाय दिगंतरा'सारख्या पुस्तकांमागचा अनुभव मुख्यतः विदर्भाच्या जंगलांतला. त्यांनी मराठीला शब्द दिले. कावळ्यांच्या वसतीला काकागार आणि बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार म्हणता येते, हे त्यांच्यामुळे. त्यांच्या लेखनात लोकसमजूत आणि प्रत्यक्ष निरीक्षण एकाच ओघात येतात. वाचनाची गोडी त्यातच आहे, पण वर्गात वाचून दाखवताना 'हे पाहिलेले' आणि 'हे ऐकलेले' असे शिक्षकाने थांबून सांगावे लागते.

आता ही पुस्तके बाजूला ठेवून आपल्या जिल्ह्यात बाहेर पडू. बालाघाटच्या पठारावरचे पाणी एका अंगाला तेरणा-मांजरेतून गोदावरीला आणि दुसऱ्या अंगाला सीना-बोरीतून भीमेला जाते. येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली झाले, ते साधारण २२ चौरस किलोमीटरचे. बाकी बहुतेक शेती आणि माळ. जंगलाच्या पुस्तकांवर वाढलेला निरीक्षक इथे येऊन म्हणतो, 'इथे काही नाही.' सरकारी कागदही माळाला 'पडीक' म्हणतात. मग त्यावर झाडे लावली जातात, पवनचक्क्या उभ्या राहतात, चारी घातली जाते. यातले सगळेच वाईट असे नाही. पण त्या माळावर आधी कोणते पक्षी होते याची नोंद नसेल तर काय गेले हे सांगणार कोण? शेजारच्या सोलापूर-अहमदनगर भागात १९७९ साली अभयारण्य झाले ते माळढोकासाठी, आणि तरीही आता माळढोक तिथे क्वचितच दिसतो. तो मोठा, देखणा पक्षी. त्याची उणीव लक्षात तरी आली. चंडोलाची कोणाच्या लक्षात येणार?

इथे उपयोगी पडते ते अलींचेच दुसरे पुस्तक, 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' (१९४१). त्याची मांडणी शिक्षकाने केल्यासारखी आहे. आकार इंचांत सांगण्याऐवजी चिमणी, बुलबुल, मैना, कावळा, घार अशा ओळखीच्या पक्ष्यांशी ताडून, अधिक-उणे चिन्ह लावून सांगितलेला. मग ओळखीच्या खुणा, आढळ, सवयी, वीण. सवयींच्या चार ओळींत तो पक्षी हालचाल करू लागतो. नवी सचित्र पुस्तके चित्रांत आणि जातींच्या संख्येत कितीतरी पुढे गेली आहेत, पण त्यांतला मजकूर बहुधा खुणांपुरताच उरला आहे. नवशिक्याच्या हाती मी अजूनही जुनेच देईन. त्यालाही मर्यादा आहे: मातकट, ठिपकेदार, सारख्या दिसणाऱ्या माळपक्ष्यांपाशी ते हात टेकते. साइक्सचा चंडोल आणि त्याचा मलबारी भाऊ या दोघांनाही तुरा. साइक्सचा थोडा लहान, अधिक तांबूस, छातीवर रेघा कमी. हे उन्हात, शंभर पावलांवरून ओळखायचे! ही परीक्षा कोणत्याही सदाहरित जंगलापेक्षा सोपी नाही, आणि इथे ओळखलेला पक्षी खऱ्या अर्थाने तालुक्याच्या नोंदीत नवा असू शकतो.

एका पक्ष्यापासून सुरुवात करावी असे सुचवतो: डोंबारी. चिमणीहून लहान चंडोल. नराचा माथा राखी आणि पोट काळे, मादी साधी मातकट. नर हवेत चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीच्या आधी सावरून पुन्हा वर उसळतो आणि शीळ घालत हे पुनःपुन्हा करतो. हे नाव कसे पडले ते मुलांना सांगावे लागत नाही.

नोंद करताना तारीख, वेळ, गावाचे आणि माळाचे नाव, किती पक्षी, काय करत होते, कोणी पाहिले हे लिहावे. शंका असेल तर जातीचे नाव न घालता 'चंडोल' एवढेच लिहावे. अशी अर्धी नोंद डेव्हिडसनच्या बाजूची असते, भरीव पण चुकीची दुसऱ्या बाजूची. ठरवून गेलो आणि पक्षी दिसला नाही, तर तेही लिहावे. फेब्रुवारीत देशभर पक्षिगणना होते. भारतात ती २०१३ पासून चालू आहे आणि तिच्यातल्या नोंदी 'ई-बर्ड'वर जातात. तिथे अनपेक्षित नोंदीला जाणकार हटकतात, पुरावा मागतात. मुलांना याचा राग येतो, येऊ द्यावा.

त्याच दिवसांत ज्वारी निसवून दाणे भरलेली असते आणि भोरड्यांचे थवे तिच्यावर उतरतात. मध्य आशियापासून पूर्व युरोपपर्यंतच्या प्रदेशांत वीण करून हिवाळ्यासाठी आलेले हे गुलाबी-काळे पाहुणे शहरातल्या निरीक्षकाच्या यादीत आनंदाने चढतात. माचाणावर गोफण घेऊन बसलेल्या राखणदाराला तो आनंद होत नाही. पण थवे यंदा केव्हा आले, गेल्या साली केव्हा आले होते, कोणत्या शिवारात आधी उतरले, हे त्याला पाठ असते. त्याला विचारावे आणि वहीत त्याच्या नावानिशी उतरवून घ्यावे.