नोंदवहीतले नाव

दिवाळीच्या सुट्टीत नांदेडहून लातूरला सासुरवाडीस जाताना पिशवीत एखादे पुस्तक टाकायचे, ही माझी जुनी सवय. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे मागे पडत असता मी लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' पुन्हा एकदा वाचून काढले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाला पुढल्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. फराळाच्या ताटाशेजारी चोराशिपायांची गोष्ट कशाला, असे वडीलधारी मंडळी म्हणतील. पण हे पुस्तक आपल्याच अंगणातले आहे. लेखक लातूरकडच्या धनेगावचा. त्याची भाषा आपल्या बाजाराची, आपल्या स्टँडावरची.

या पुस्तकाच्या मुळाशी एक नोंदवही आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. पुढे १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली, आणि १९२४ साली तो नव्याने बांधला गेला. कोणी काय केले हे विचारायचेच नाही. अमुक जातीत जन्मला म्हणून त्याचे नाव वहीत लिहायचे, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लावायची. सोलापुरास तर अशा लोकांना तारांच्या कुंपणाआड वसविले होते. आपला मुलूख निजामाचा, तरी संशयाची ही रीत इथेही पोहोचली होती. आईच्या मांडीवरचे मूल अजून 'बा' म्हणायला शिकले नाही, तोच सरकारदरबारी चोर ठरते!

गायकवाडांनी हे कसे सांगितले आहे ते पाहण्यासारखे आहे. ते दयेची याचना करीत नाहीत. आपल्या माणसांनी चोऱ्या केल्या, पोरांना खिसे कापण्याचे शिक्षण मार देऊन दिले, हे ते जराही न लपविता लिहितात. एखादा कच्चा लेखक आपल्या लोकांना सोवळे करून मांडता. गायकवाड ते करीत नाहीत, म्हणूनच पोलिसांच्या झडतीची आणि मारहाणीची वर्णने वाचताना आपल्याला त्यांचा शब्द खरा वाटतो. त्यांच्या वाक्याला अलंकार नाही, दम आहे. हा मुलगा शाळेत जाऊ लागतो आणि वस्तीवर हगवण-ओकारीची साथ येते. त्याचा ठपका त्याच्या शाळेवर येतो. तो प्रसंग वाचून प्रथम हसू येते, मग आपण गप्प होतो. बाहेरच्यांनी वहीत नाव लिहिले ते लिहिलेच, पण आतल्यांनीही ते खरे मानले, ही त्यातली खरी गोम.

पुस्तकाचा उत्तरार्ध मात्र मला तितका भावत नाही. सूतगिरणी, मोर्चे, सभा असे वृत्तान्त येऊ लागतात आणि माणसे पुसट होतात. असो.

मास्तर म्हणून मला हे पुस्तक जास्त बोचते, कारण मीही वह्या लिहिणारा माणूस. किती पोरांचा जन्म एक जूनला झाला असे आम्ही लोकांनी परस्पर ठरविले आहे! कित्येक वर्षांपूर्वी एका शाळेत सहलीची वर्गणी हरवली. वर्गात चाळीस दप्तरे होती. मी पहिले उघडले ते त्या वस्तीवरून येणाऱ्या मुलाचे. पैसे माझ्याच टेबलाच्या खणात, वर्तमानपत्राखाली निघाले. त्या मुलाची मी क्षमा मागितली नाही. आज सांगतो आहे, पण त्याचा त्याला काय उपयोग?

लातूरला मेव्हण्यांशी यावर बोलणे झाले. ते कोर्टात वकिली करतात. म्हणाले, "दाजी, कायदा गेला म्हणून ठाण्यातली वही जाती व्हय?"

त्यांचे म्हणणे खोटे नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, हे लोक विमुक्त झाले. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जातीऐवजी वारंवार झालेली शिक्षा ही कसोटी आली, ही मोठीच सुधारणा. तरी संशय जुन्याच वस्त्यांवर फिरत राहिला. १९९८ साली बंगालात पुरुलियास बुधन सबर पोलिसांच्या ताब्यात मेला, तेव्हा महाश्वेतादेवी आणि गणेश देवी यांच्याबरोबर आपले गायकवाडही या लोकांच्या हक्कांसाठी उभे राहिले.

मी मेव्हण्यांना म्हणालो, वही हळू बदलते, पण बदलते. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ मागासलेल्या समाजातला म्हणून कोणाचे नाव पोलिसांच्या हिस्ट्रीशीटमध्ये यंत्रवत चढवू नये. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या अर्जावर, तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकानाच काढून टाकण्याचा हुकूम झाला. एक रकाना! पण वह्या लिहिणाऱ्याला विचारा, रकाना छापलेला असला की हात आपोआप तो भरतो.

तेव्हा मेव्हण्यांनी मला पेचात धरले. "अन् २०१८ ची यादी? तीबी फाडायची का?" लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची ती राष्ट्रीय नोंद, आरंभीच तीत सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. मी मुलींच्या वर्गावर शिकवितो. अशी नोंद नको, असे माझ्याने म्हणवणार नाही. गुन्हा शाबीत झालेला माणूस आणि जन्माने नोंदलेला माणूस यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आपल्याकडे ती यादी पोलिसांपुरतीच ठेवली आहे, हेही मला शहाणपणाचे वाटते. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यापासून अशी नावे गावापुढे उघडी होतात. पण चुकीची नोंद दुरुस्त कोणी करायची, शिक्षा भोगून वर्षानुवर्षे सरळ वागलेल्याचे नाव कधी खोडायचे, याचा नियमही यादीइतकाच ठळक असायला हवा. ही मागणी करताना आपण त्या बाईच्या किंवा पोरीच्या दुःखाकडे पाठ फिरवितो, असे मला वाटत नाही.

मेव्हण्यांना ते पटले की नाही, कोण जाणे. वाद अर्धवट राहिला, कारण आतून चकल्या आल्या. पण 'उचल्या' त्यांनी ठेवून घेतले आहे. माघात त्यांच्या मुलीचे लग्न आहे. तेव्हा पुस्तक परत आणायला पुन्हा तीच एस.टी. धरीन.