स्वर्गारोहण आणि चादरी

गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या ‘एकाकीपणाची शंभर वर्षे’ (१९६७) या कादंबरीतील रेमेदियोस सदेह स्वर्गी जाते. ही पवित्र मरीयेच्या स्वर्गोन्नयनाची थट्टा तर नव्हे, अशी शंका आम्हांस आली होती. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या संवादग्रंथात प्लिनिओ मेंदोसा यांना लेखकाने या प्रसंगाचा उगम सांगितला आहे. पळून गेलेल्या नातीची अब्रू झाकण्यासाठी एका आजीने ती स्वर्गात गेल्याची वार्ता पसरविली होती. तरीही लिहिताना रेमेदियोस जमिनीवरून उचलेना. अखेर वाऱ्याशी झुंजत चादरी वाळत घालणारी धुणेवाली दिसली आणि मार्ग सापडला. तेव्हा येथे आम्हांस थट्टेपेक्षा त्या आजीची माया व लाजच अधिक जाणवते. श्रद्धा साक्षीवर विसंबते. कादंबरीला मात्र चादरी लागतात.