दर्शक आणि कारण

हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यातून सावरलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना एकच धास्ती असते, पुन्हा झटका आला तर? रक्ताच्या एका तपासणीने याचे उत्तर मिळते असे कोणी सांगितले, तर ती करून घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच अशा दाव्यांची कसून पारख व्हायला हवी.

आधी एक घोटाळा दूर करू. झटका आल्यावर रुग्णालयात ‘कार्डिअॅक एन्झाइम्स’ तपासतात. हृदयाच्या स्नायुपेशी मरू लागल्या की क्रिएटिन कायनेजसारखी विकरे, म्हणजे एन्झाइम, रक्तात उतरतात. आता मुख्यतः ट्रोपोनिन मोजतात. ते विकर नसून साधे प्रथिन आहे, पण जुने नाव चिकटून राहिले. ही तपासणी प्रामुख्याने झालेली इजा दाखवते. आपला प्रश्न पुढच्या इजेचा आहे.

त्यासाठी ज्या विकराचा बराच गाजावाजा झाला, ते लायपोप्रोटीनशी निगडित फॉस्फोलायपेज ए-२. रक्तात ते बहुतांशी एलडीएल कोलेस्टेरॉलच्या कणांवर स्वार असते आणि ऑक्सिडीभवन झालेल्या मेदांचे विघटन करते. त्यातून दाह वाढवणारे पदार्थ तयार होतात. हे विकर अधिक असलेल्यांत हृदयविकार अधिक आढळतो, असे २००० साली स्कॉटलंडमधील अभ्यासात दिसले. २००३ साली अमेरिकेत त्याच्या तपासणीला मान्यताही मिळाली.

पण ‘अधिक’ म्हणजे किती? २०१० साली ३२ अभ्यासांतील ७९,०३६ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली. इतर धोके हिशेबात घेतल्यावर, विकराची क्रियाशीलता एका प्रमाण विचलनाने वाढली की धोका सुमारे १० टक्क्यांनी वाढतो, असे आढळले. समजा, १००० जणांपैकी १०० जणांना आजार होतो. विकर तेवढे अधिक असलेल्या १००० जणांत तो ११० जणांना होईल. म्हणजे ‘वाढलेल्या’ गटातले ८९० जण निरोगी राहतील. गटाविषयी हे विधान खरे आहे. एका रुग्णाला त्यातून फारसे काही कळत नाही.

शिवाय मोजायचे केव्हा? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रूव्ह-इट’ चाचणीच्या अभ्यासात, झटक्यानंतर लगेच मोजलेल्या विकराचा पुढच्या धोक्याशी उपयुक्त संबंध दिसला नाही. ३० दिवसांनी मोजल्यावर तो दिसला.

खरी कसोटी २०१४ साली लागली. हे विकर रोखणारे डॅराप्लॅडिब हे औषध दोन मोठ्या चाचण्यांत दिले गेले. एकीत १५,८२८ आणि दुसरीत १३,०२६ हृदयरुग्ण होते. औषध विकराला चांगलेच दाबते हे आधीच सिद्ध झाले होते; तरी हृदयविकाराच्या प्रमुख घटना लक्षणीयरीत्या घटल्या नाहीत. निसर्गाचा प्रयोगही हेच सांगतो. पूर्व आशियातील बऱ्याच लोकांत जनुकबदलामुळे हे विकर कमी असते किंवा नसतेच. चीनमधील मोठ्या पाहणीत अशा लोकांना रक्तवाहिन्यांचे आजार कमी झाल्याचे दिसले नाही. थर्मामीटरचा पारा झटकून खाली आणल्याने ताप उतरत नाही, तसेच हे.

कारण नसलेला दर्शकही उपयोगी असू शकतो, हे मान्य. मात्र त्याच्या आकड्याने उपचारात काय बदलणार, हे विचारावे लागते. पहिल्या झटक्यानंतर तंबाखू सोडणे, रक्तदाब आटोक्यात ठेवणे, डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिन, अॅस्पिरिनसारखी औषधे नेमाने घेणे हे बहुतेक सर्वच रुग्णांना करायचे असते, आकडा कोणताही येवो. ‘नॉर्मल’ अहवाल पाहून कोणी गोळ्या बंद केल्या, तर तपासणीने नुकसानच केले.

वर्गात सहसंबंध आणि कार्यकारणभाव शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. विद्यार्थ्यांना आरोग्याची एखादी बातमी आणायला सांगावी. धोका कितीने वाढतो, मोजमाप केव्हा केले आणि तो घटक बदलल्यावर आजार बदलला का, हे त्यांनी तिच्यात शोधावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बातमीत क्वचितच सापडेल.