चित्रकथांचे नवे अंक व त्यांवरील अभिप्राय

शिवकालीन विषयांवर चित्रकथांचे नवे अंक निघतात व त्यांवर अभिप्रायही प्रसिद्ध होतात. हे अभिप्राय बहुधा दोन प्रकारचे असतात. कांहीं रंगांची व छपाईची वाखाणणी करून, अंक मुलांस बोधप्रद आहे एवढें सांगून थांबतात; कांहीं पगडी व तलवार यांतील चुका मोजतात. दुसरा प्रकार उपयुक्त खरा; परंतु मुख्य प्रश्न दोहोंतही सुटून जातो. तो पुराव्याचा होय.

सिंहगडचें उदाहरण घेऊं. अनंत पै यांच्या संपादकत्वाखालीं १९६७ सालीं सुरू झालेल्या अमर चित्र कथेंतही तानाजीवर अंक आहे. विषय लोकप्रिय आहे. जेधे शकावलींत गड घेतल्याची मिती माघ वद्य ९, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७०, अशी मिळते. सभासदाच्या बखरींत दोन मावळे आधीं कडा चढले व माळ लावून इतरांस वर घेतलें, असा वृत्तांत आहे, घोरपड नाहीं. ती येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांतून. तानाजीच्या मरणावरून गडास सिंहगड नांव पडलें, ही तर निव्वळ आख्यायिका होय. कारण ३ एप्रिल १६६३ च्या शिवछत्रपतींच्या पत्रांतच तें नांव आढळतें.

ग्रंथकारास ‘असें म्हणतात’ हे दोन शब्द घालून आख्यायिका नोंदवितां येते. हे दोन शब्द चित्रांत काढतां येत नाहींत. कड्यावर घोरपड रेखाटली कीं ती बालवाचकास शकावलींतील मितीइतकीच खरी वाटते. ती वगळावी असें आमचें म्हणणें नाहीं. पोवाडा हाही लोकस्मृतीचा ठेवाच आहे. मात्र कोणता प्रसंग अस्सल पत्रांतून, कोणता बखरींतून व कोणता पोवाड्यांतून घेतला, हें अखेरच्या पानावर चार ओळींत सांगावें. आणि अभिप्राय देणारांनीं प्रथम तेंच पान पाहावें.

संग्राहकांस एक विनंती. हे अंक जपतांना प्रत्येकाचें मुद्रणवर्ष नोंदवून ठेवावें, म्हणजे पुनर्मुद्रणांत फेरफार झाल्यास दोन प्रती ताडून पाहतां येतील. एखादी आख्यायिका घरोघर कशी पोहोंचली, याचा पुरावा पुढील संशोधकास याच कागदांत मिळेल. बखरींची जी छाननी केली, तीच या अंकांची करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.