हवेसारखी माणसे आणि रविवारची सुट्टी

हिजरत हा शब्द आपल्याकडे अदबीने उच्चारला जातो. आपले सनच तिथून सुरू होते. पण पोटासाठी केलेल्या हिजरतीला आपण 'नोकरी' म्हणतो आणि विषय संपवतो. रत्नागिरी-रायगडकडच्या मोहल्ल्यांतून १९७० नंतर किती पुरुष आखातात गेले, याचा हिशेब आपण पक्क्या घरांवरून आणि लग्नातल्या सोन्यावरून मांडतो. हमीद दलवाईंच्या 'इंधन'मधला नायक मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि त्या परतण्यातून कादंबरी घडते. दुबईहून, दम्मामहून परतणाऱ्याची तशी कादंबरी आपल्यापैकी कोणी लिहिल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. म्हणूनच झायझा क्रूझ बकानी या फिलिपिनो छायाचित्रकार बाईचे 'वुई आर लाइक एअर' हे २०१८ मध्ये हाँगकाँगहून निघालेले पुस्तक पाहताना मला एकाच वेळी हेवा वाटला आणि शरमही.

बकानी १९८७ सालची. लूझोन बेटावरच्या नुएवा विझकाया प्रांतातले बांबांग हे तिचे गाव. ती लहान असतानाच आई परदेशी घरकामाला गेली आणि धाकट्या भावंडांना हिनेच सांभाळले. पुढे तीही आईच्या पाठोपाठ हाँगकाँगला त्याच घरात कामाला लागली आणि दहाएक वर्षे राबली. मालकिणीकडून उसने पैसे घेऊन तिने कॅमेरा घेतला. रस्त्यावरची तिची कृष्णधवल छायाचित्रे २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाच्या छायाचित्र-सदरात आली आणि २०१५ मध्ये तिला मॅग्नम फाउंडेशनची मानवी हक्कांवरची अभ्यासवृत्ती मिळाली.

इथे वाचकाने जरा सावध व्हावे. ही गोष्ट फार सहज परीकथा बनते. मोलकरीण होती, कॅमेरा मिळाला, नशीब उघडले! वर्तमानपत्रांनी ती तशीच सांगितली आणि त्या सांगण्यात तिची चित्रे मागे पडली. एकीचे नशीब उघडले म्हणून बाकीच्या लाखोंचे बंदच राहिले, हा त्या गोष्टीतला भाग कोणी छापत नाही. हाँगकाँगमध्ये घरकामासाठी आलेल्या परदेशी बायका तीन लाखांच्या वर आहेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक फिलिपिनो आहेत. कायद्याने त्यांना मालकाच्याच घरात राहावे लागते. इतर परदेशी माणसाला सात वर्षांनंतर तिथे कायम वास्तव्याचा हक्क मागता येतो. या बायकांना तो नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगून टाकले. वीस वर्षे एका शहराची मुले वाढवली तरी बाई पाहुणीच. पुस्तकाचे नाव याच अर्थाने घेतलेले आहे. हवेवाचून चालत नाही आणि हवा कोणाला दिसत नाही.

पुस्तकाचा गाभा म्हणजे तिची आई. मायलेकी एका शहरात, एका छपराखाली, पण मोलकरणी म्हणून. आई परदेशी असताना मुलीच्या मनात साचलेला राग आणि तिच्या शेजारी उभे राहून तीच भांडी घासताना उमगलेले तिचे कष्ट, ही दोन्ही या चित्रांत आहेत. बकानी आईला देवी करत नाही. फिलिपाइन्समध्ये सरकारच हे काम करत आले आहे. मार्कोसच्या राजवटीत १९७४ च्या कामगार कायद्याने माणसे बाहेर पाठवणे हे धोरण झाले आणि १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी या कामगारांना 'नवे वीर' म्हटले. वीर म्हटले की पगार विचारायची सोय राहत नाही. २०२३ मध्ये या वीरांनी घरी पाठवलेली रक्कम ३७ अब्ज डॉलरच्या वर होती. त्या आकड्यासमोर बकानीची आई एक थकलेली बाई म्हणून उभी राहते, आणि मला तेच खरे वाटते.

आसरागृहातल्या छायाचित्रांबद्दल मात्र माझे मन दुभंगलेले आहे. हाँगकाँगच्या बेथ्यून हाउसमध्ये मालकांच्या छळातून सुटलेल्या बायका राहतात. बकानीने त्यांची चित्रे काढली. त्यांत भाजलेली पाठ आहे, जखमा आहेत. ती आवश्यक आहेत हे मान्य. पण पाठ दाखवली की पाहणारा हळहळतो आणि हळहळून मोकळा होतो. आईच्या चित्रांपुढे असे मोकळे होता येत नाही. तिथे कोणी दुष्ट नाही, मालकीण चांगली आहे, पगार मिळतो, आणि तरीही एका बाईची मुले तिच्यावाचून मोठी झाली. दोष कोणाला द्यायचा?

हाच प्रश्न २००० सालच्या 'आनाक' या फिलिपिनो चित्रपटात आहे. हाँगकाँगहून परतलेल्या आईला मोठी मुलगी स्वीकारत नाही. मात्र चित्रपट रडण्याओरडण्यातून तो सोडवू पाहतो. बकानी तो सोडवत नाही.

आल्फ्रेडो आणि इसाबेल अक्विलिझान हे कलावंत जोडपे याच विषयाकडे वस्तूंच्या वाटेने येते. २००६ मध्ये ते मुलाबाळांसह ब्रिस्बेनला राहायला गेले. सोबत काय न्यायचे आणि काय टाकायचे, या रोजच्या कटकटीतून त्यांची 'प्रोजेक्ट : अनदर कंट्री' ही मालिका उभी राहिली. २००८ च्या 'अ‍ॅड्रेस' या मांडणीत कपडे, खेळणी, भांडी दाबून चौकोनी ठोकळे केले आणि ते एकावर एक रचले. ठोकळ्यांचे माप 'बालिकबायान' खोक्यावरून घेतलेले. बालिक म्हणजे परतणे, बायान म्हणजे देश. साबण, डबाबंद मटण, बूट, चॉकलेट भरून परदेशातला फिलिपिनो जे खोके घरी पाठवतो, ते हेच. मी हे काम छायाचित्रांतच पाहिले आहे, तरी ते डोळ्यांपुढून हलत नाही, कारण हे खोके आपल्या ओळखीचे आहे. दोरीने करकचून बांधलेले, चारी बाजूंनी मार्करने नाव आणि गाव लिहिलेले खोके मुंबईच्या विमानतळावर कोणी पाहिले नाही? ते घरी उघडताना सगळा मोहल्ला जमतो. ते भरताना तिकडे खोलीत कोण होते, हे आपण विचारत नाही. पण अक्विलिझान दांपत्याची हिजरत कागदपत्रांसह, कुटुंबासह झालेली आहे. त्यांच्या मांडणीत हुरहूर आहे, भय नाही. कलादालनात ती देखणी दिसते, आणि मला ती किंचित जास्तच देखणी वाटते.

आता आपल्या अंगाशी येणारी गोष्ट. बकानीची छायाचित्रे शक्य झाली ती हाँगकाँगमुळे. तिथे आठवड्याला एक सुट्टी कायद्याने द्यावी लागते. रविवारी सेंट्रल भागात, बँकांच्या इमारतींखाली, पुठ्ठे अंथरून हजारो बायका बसतात. जेवतात, नखे रंगवतात, खोकी भरतात, मोर्चेही काढतात. बाई रस्त्यावर आली म्हणून कॅमेऱ्याला दिसली. आखातात? तिथल्या फिलिपिनो बाईला आपले परतलेले लोक 'खद्दामा' म्हणतात आणि त्यापलीकडे तिच्याविषयी काही सांगत नाहीत, कारण त्यांनी तिला पाहिलेलेच नसते. कफील, उंच भिंत, त्याच्याच कपाटातला पासपोर्ट. संयुक्त अरब अमिरातीत घरकामगारांना आठवड्याची सुट्टी देणारा कायदा २०१७ मध्ये आला.

फिलिपाइन्सच्या दक्षिणेला, मिंदानाओत, मुसलमानांची मोठी वस्ती आहे. तिथल्या मुली आखातात जातात, मुसलमान घरात सुरक्षित राहू या भरवशावर. सारा बालाबागान त्यांतलीच, वयाने अल्पवयीन, पासपोर्टवर वय वाढवलेले. १९९४ मध्ये अमिरातीत मालकाने बलात्कार केला, असे तिचे म्हणणे. तिच्या हातून तो मारला गेला. १९९५ मध्ये तिला मृत्युदंड सुनावला गेला. जगभर ओरड झाली, मृताच्या घरच्यांनी दियत स्वीकारली आणि शिक्षा एक वर्ष कैद व शंभर फटक्यांवर आली. १९९६ मध्ये ती मायदेशी परतली. तिच्यावर चित्रपटही निघाला. तो तिच्या देशात निघाला. उम्मतीच्या एकीवर व्यासपीठावरून बोलणाऱ्या आपल्या मंडळींनी त्या मुलीविषयी मराठीत किंवा उर्दूत काही लिहिले असेल, तर मला ते वाचायचे आहे. हा मुद्दा मी काढला की 'दुश्मनांच्या हाती कोलीत देऊ नका' असे मला सांगितले जाते. पण त्या घरांत आपलेही ड्रायव्हर होते आणि आचारी होते. त्यांनी काय ऐकले, काय पाहिले? बकानी स्वतः भांडी घासत होती म्हणून तिला ते घर आतून ठाऊक होते. आपल्याकडेही घर आतून पाहिलेली माणसे आहेत. सुट्टीवर येतात, खोके उघडतात, महिनाभराने जातात.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. सातवीला 'मेरे अब्बू' हा निबंध दिला की आखातातल्या बापांची मुले वस्तूंची यादी करतात, घड्याळ, मोबाइल, अत्तर. गेल्या खेपेस मी फळ्यावर एक अट लिहिली, अब्बूंनी आणलेल्या वस्तूंची नावे घ्यायची नाहीत. एका मुलाने बराच वेळ पेन्सिल चावली आणि मग लिहिले की अब्बू फोनवर आधी विचारतात, जेवलास का, आणि त्यांच्या मागे कोणीतरी कायम अरबीत ओरडत असते.