तिकीट-नोंद प्रणालीतील दूरस्थ प्रवेश : चारोटीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गावर, डहाणू तालुक्यातील चारोटी येथे सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला. वाहनाचा वेग, मागील आसनावरील पट्टा, पुलाची रचना अशी अनेक कारणे त्यानंतर चर्चेत आली. अशा एकाच घटनेची माहिती पोलीस, परिवहन, महामार्ग व आरोग्य या यंत्रणांकडे विभागलेली असते. ती एका नोंदीत आणताना कोणते धोके संभवतात, हे समजण्यासाठी ट्रॅक या मुक्तस्रोत प्रणालीचे एक्सएमएल-आरपीसी प्लगइन अभ्यसनीय आहे.

विवेचन :
२००४ मध्ये प्रकाशात आलेल्या ट्रॅकमध्ये आज्ञावलीतील प्रत्येक दोषाचे तिकीट निघते. त्यास क्रमांक, स्थिती व जबाबदार व्यक्ती असते. रिमोट प्रोसिजर कॉल म्हणजे एका संगणकावरील आज्ञावलीने दुसऱ्या संगणकावरील कार्य जालावरून करवून घेणे. प्रस्तुत प्लगइन तिकिटे बाहेरील आज्ञावलींना खुली करते. शिवाय ठरावीक इंटरफेस पाळणाऱ्या अन्य प्लगइनची कार्येही त्याच मार्गाने उपलब्ध होतात. हेच त्याचे बलस्थान होय.

मर्यादाही येथूनच उद्भवते. मार्गात प्रवेश करण्यासाठी एक सर्वसाधारण परवानगी लागते. परंतु आतील प्रत्येक कार्यास कोणती परवानगी आवश्यक, हे त्या प्लगइनचा लेखक ठरवितो. त्याने दुर्लक्ष केल्यास दार सुरक्षित असूनही खोली उघडी राहते. याउलट, नंतरच्या आवृत्तीतील कालखुणेची तरतूद प्रशंसनीय आहे. तिकीट वाचताना मिळालेली कालखूण बदलासोबत परत पाठविली जाते. मधल्या काळात अन्य कोणी बदल केला असल्यास नवा बदल नाकारला जातो व पूर्वीची माहिती झाकली जात नाही.

रस्ते अपघातांच्या एकात्मिक माहितीसाठ्याची रचना याच्याशी तुलनीय आहे. मद्रास आयआयटीने विकसित केलेला व राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने राबविलेला हा प्रकल्प महाराष्ट्रासह सहा राज्यांत प्रथम सुरू झाला. पोलिसांनी नोंद करताच अपघातास स्वतंत्र क्रमांक मिळतो. संबंधित अभियंत्यास सूचना जाते आणि त्याने स्थळपाहणी करून रस्त्याचा तपशील भरणे अपेक्षित असते. येथे पोलिसांच्या नोंदीत अभियंत्याने आणि अभियंत्याच्या नोंदीत पोलिसांनी कोठवर बदल करावा, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. न्यायालयातील नुकसानभरपाई त्यावर अवलंबून असू शकते.

निष्कर्ष :
दूरस्थ प्रवेशामुळे माहिती एकत्र येते. उत्तरदायित्व आपोआप येत नाही. सूचना पोहोचली म्हणजे पूल दुरुस्त झाला असे नव्हे. म्हणून अशा प्रणालीचे मूल्यमापन जोडलेल्या विभागांच्या संख्येवरून न करता तीन निकषांवर व्हावे : प्रत्येक बदलामागील व्यक्ती ओळखता येते काय, प्रत्येक कार्याची परवानगी स्वतंत्रपणे तपासली जाते काय, आणि रस्त्यावरील दोष दूर झाल्याशिवाय नोंद बंद करता येते काय. चारोटीसारख्या ठिकाणी तिसरा निकष सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो.